दाजी, सरका

२२ मार्च २०२१, सोमवार

पुतळा आला. मेडिकल कॉलेजच्या जीपमधून, चादरीत गुंडाळून, मागच्या सीटवर आडवा. गेटवरचा माणूस पेशंट समजून स्ट्रेचर घेऊन धावला! चादर काढून बघतो तर रबराचा चेहरा, तोंड उघडं.

आमचं कोविड रुग्णालय म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांचं वसतिगृह. मुलांच्याच लोखंडी पलंगांवर नव्या गाद्या टाकल्यात. भिंतीवर बाराखडी तशीच आहे. व्हेंटिलेटर आले, ऑक्सिजनची लाईन झाली, माणसं नेमली. ही माणसं एकमेकांबरोबर काम कसं करतात ते बघायला आणि शिकवायला डॉ. अभिमन्यू आलेत. पस्तिशीचे असतील. हळू बोलतात. म्हणाले, पेशंट यायच्या आधी आपण चुकून घेऊ.

वाक्य आवडलं. म्हणून लिहून ठेवलं.

आमच्या टोळीत तिघं मुख्य. मी — अपघात विभागात केस पांढरे झालेला. डॉ. नाजिया, बीडची, आपत्कालीन विभागात नुकतीच एम.डी. झालेली. आणि सत्यशीला सिस्टर. ती हिच्या माहेरच्या गावची, म्हणजे गावकीने माझी मेहुणी. घरी आली की मला दाजी म्हणते, ड्युटीवर साहेब. नियम तिचा तिनेच केलेला. आजवर मोडला नाही.

संध्याकाळपर्यंत पुतळ्याचं नाव बबनराव पडलं. कोणी ठेवलं विचारलं तर सगळे सत्यशीलाकडे बघतात.

२३ मार्च

पहिला प्रयोग. अभिमन्यू व्हरांड्यातून म्हणाले, पेशंटला धाप लागलीय, ओठ निळे पडलेत. मी गेलो धावत — किट न घालता! बबनरावांच्या कपाळावर हातही ठेवला. सवय. अभिमन्यूंनी तिथंच थांबवलं. म्हणाले, सर, तुम्हाला लागण झाली, तुम्ही आता घरी. चला, पुन्हा सुरू करू.

किट घालून पुन्हा. आत शिरलं की आपलाच श्वास ऐकू येतो. माझा जवळचा चष्मा, त्यावर गॉगल, त्यावर पडदा. घशात नळी घालायला दिव्याच्या पात्याने जीभ उचलली आणि काचेवर वाफ धरली. घसा दिसायच्या जागी धुकं. नळी श्वासाच्या वाटेत जायची ती अन्नाच्या वाटेत गेली. पुतळ्याचं पोट फुगलं. काढली, पुन्हा घातली. पुन्हा पोटात. मॉनिटरचा आवाज जड व्हायला लागला — रक्तातला ऑक्सिजन उतरला की तो आवाज खाली खाली जातो, विहिरीत उतरल्यासारखा. मला वाटत होतं, आता बसेल. आत्ता बसेल. आणखी एकदा.

मग आवाज सपाट झाला.

नंतर सगळ्यांना गोल बसवलं. अभिमन्यू कोणालाही चुकलात म्हणत नाहीत. एवढंच विचारतात, काय दिसलं? नाजियाला विचारलं, नळी पोटात गेल्याचं दिसत होतं का. ती म्हणाली, हो. पहिल्याच वेळी दिसलं. मग बोलला का नाहीत, असं विचारलं.

"सर करत होते," म्हणाली.

सत्यशीलाला विचारलं तर ती म्हणाली, साहेबांना कसं सांगायचं?

खोलीत सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते. पुतळा तेवढा बघत होता.

२४ मार्च

काल राग कोणाचा आला ते आज पहाटे आन्हिक करताना कळलं. नाजियाचा नाही, सत्यशीलाचाही नाही. माझ्यासमोर बोलायला माणसं भितात, आणि मला ते ठाऊक नव्हतं. मी स्वतःला साधा माणूस समजत होतो.

अभिमन्यूंचा नियम: एका हाताने दोनदाच प्रयत्न. तिसऱ्यांदा तो हात नाही. नळी काढायची, अँबूने — म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने — श्वास द्यायचा, ऑक्सिजन वर आणायचा, मग दुसऱ्याने यायचं. आणि एक माणूस पलंगाच्या पायथ्याशी उभा करायचा. त्याने कशाला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं, आणि वेळ आली की मोठ्याने बोलायचं. कारण ज्याचे हात कामात आहेत त्याला वेळ कळत नाही.

पायथ्याला सत्यशीलाला नेमलं. तिने कानाला हात लावले. "माझी जीभ उचलायची न्हाई, सर. साहेबाम्होरं तर न्हाईच."

दुसरी भानगड 'जी'ची. मी सांगतो, इंजेक्शन द्या. औषध देणारी सिस्टर म्हणते, जी. मला वाटतं, दिलं. तिच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की ऐकलं. एरवी तोंड बघून कळतं. किटमध्ये तोंड कुठलं! आज बबनरावांना एक औषध दोनदा गेलं आणि एक गेलंच नाही. अभिमन्यूंनी 'जी' बंद केलं. सांगितलेलं पुन्हा मोठ्याने म्हणायचं, आणि काम पुरं झालं की 'झालं' म्हणायचं.

मला ते सोपं गेलं. गावच्या शाळेत गुरुजी पाढा सांगत आणि वर्ग मागून म्हणे, हेच ते. पण सतराच्या पाढ्यात गुरुजी एकदा चुकले होते, तेही आठवलं. आम्ही ती चूक सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटली होती.

२५ मार्च

बबनराव आज पुन्हा दोनदा गेले. सत्यशीला म्हणते, मरून दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर होणारा पेशंट नोकरीत पहिल्यांदा बघितला.

२६ मार्च

जिल्ह्यात आजपासून कडक टाळेबंदी. रस्त्यावर कुत्रं नाही.

आज एक गोष्ट घडली. नीट लिहितो.

मी नळी घालत होतो. नाजिया उजव्या बाजूला, सत्यशीला पायथ्याशी. एकदा चुकलो. दुसऱ्यांदा चुकलो. पायथ्याकडून 'सा...' एवढा आवाज आला आणि विरला. मी तिसऱ्यांदा पातं उचललं. अभिमन्यूंनी टाळी वाजवून खेळ थांबवला आणि सत्यशीलाला विचारलं, काय अडतंय? कोणीतरी हळूच म्हणालं, सर, त्या साहेबांच्या मेहुण्या लागतात.

अभिमन्यूंचे डोळे पडद्याआड चमकले. त्यांनी विचारलं, मग घरी काय म्हणता?

दाजी म्हणते, ती म्हणाली.

"आणि घरी दाजींना सरका म्हणता येतं?"

"त्यात काय! दर पंगतीला म्हणते. दाजी, सरका की, आमाला बसाया जागा ठिवा."

किटमध्ये हसलं की काच आणखी धूसर होते. सगळे आंधळे होऊन हसत होते. मग अभिमन्यू म्हणाले, चला, तेच म्हणा.

पुन्हा सुरू. एकदा चुकलो. दोनदा. आणि पायथ्याकडून पंगतीतला आवाज आला —

"दाजी, सरका."

मी सरकलो. विचारही केला नाही, पायच सरकले. साहेबाला सरकायला वेळ लागला असता. तो आधी मान वर करून बघणार, कोण बोललं म्हणून. दाजीला ती सवय नसते.

माझ्या जागी नाजिया आली. अँबूचे चार श्वास, मग पातं, मग नळी. पहिल्या फेरीत बसली. बबनरावांची छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलली गेली. पोरीचा हात फुलवाती वळणाऱ्या बाईसारखा हलका आहे. इतके दिवस ती माझ्या शेजारी उभी होती आणि मी बघितला नव्हता.

नाजियालाही अभिमन्यूंनी विचारलं, तुम्ही सरांना काय म्हणाल? ती म्हणाली, आमच्या गल्लीत या वयाच्या माणसाला मी चाचा म्हणते, पण सरका तर चाचांनाही म्हणणार नाही. शेवटी ठरलं, तिने नुसतं 'सर, दोन' म्हणायचं. दोनदा झालं, एवढाच अर्थ. आकडा सांगायला तिला संकोच नाही.

२८ मार्च

होळी. गल्लीत कोणी पेटवली नाही. हिने अंगणात पाच गोवऱ्या ठेवून नैवेद्य दाखवला. मी आतापासूनच वरच्या खोलीत वेगळा राहतो, खिडकीतून हात जोडले.

ताट जिन्यावर ठेवून ही खालून म्हणाली, सत्यशीलाने सगळं सांगितलं मला. दवाखान्यात सरकता म्हणे. घरी तर कधी सरकलेले बघितले नाहीत.

३१ मार्च

संकष्टी. गावाकडे आईची औषधं पोचवून येताना लिंबागणेशला गाडी थांबवली. देवळाचं दार बंद. रस्त्यावरूनच हात जोडले. आसपास कोणी नव्हतं, थोडा वेळ उभा राहिलो.

मनात आलं, जोडलेल्या हातांनी काही करता येत नाही. हात जोडायचे ते त्यासाठीच असतील. आता माझ्याच्याने होत नाही, तू बघ. या आठवड्यात बबनरावांच्या उशाशी मी तेच शिकलो. माझे डोळे आता नळीचे राहिले नाहीत. त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं, तेवढं वाटलं नाही.

अभिमन्यू आज गेले. बबनरावही गेले, चादरीत, मागच्या सीटवर. जाताना अभिमन्यू म्हणाले, खरे पेशंट आल्यावर पहिला आठवडा तुम्ही सगळं विसराल. मग हळूहळू आठवेल.

६ एप्रिल

वॉर्ड भरला. ऊसतोडीवरून परतलेली माणसं जास्त. एका टेम्पोत आली, पाचटाच्या एका कोपीत राहिली, एकदमच आजारी पडली.

अभिमन्यू खरं बोलले. सगळं विसरलो. आज दिवसभर सगळे 'जी' म्हणत होते.

१३ एप्रिल, पाडवा

गुढी हिने उभारली. मी ड्युटीवर.

दुपारी सुंदरराव नावाच्या पेशंटला नळी घालायची वेळ आली. साठीचे, धिप्पाड. नाजियाने घातली, पहिल्याच वेळी बसली. सगळं शिकवल्याप्रमाणे चाललं होतं. मी इंजेक्शन सांगितलं, नळी बसल्यावर पायथ्यावरून मोकळी झालेल्या सत्यशीलाने ते पुन्हा म्हटलं, दिलं, आणि किटमधून ऐकू जावं म्हणून घसा फोडून म्हणाली — "झालं!"

खिडकीबाहेर व्हरांड्यात त्यांच्या बायको छबुबाई बसलेल्या. आत येऊ देत नाहीत म्हणून सकाळपासून तिथंच. त्यांनी एवढंच ऐकलं. झालं.

आधी आम्हाला काही कळेना. बाहेर हंबरडा, आणि काच फुटल्याचा आवाज. नाजियाने खिडकीशी जाऊन बघितलं. बाईंनी दोन्ही हात पायरीवर आपटले होते. हिरव्या बांगड्यांचा चुरा, मनगटातून रक्त. "माझा धनी गेला वं," एवढं एकच. पाडव्याच्या दिवशी!

किट काढून बाहेर जायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागलाच. मी समोर बसून सांगितलं, ते जिवंत आहेत, नळी नीट बसलीय. त्यांना खरं वाटेना. मग नाजियाने आतून फोनवर त्यांची छाती हलताना दाखवली. बाई बघत राहिल्या. नंतर स्वतःच्या मनगटांकडे बघितलं आणि दुसराच आकांत सुरू — नवरा जिता असताना म्या बांगड्या फोडल्या.

१४ एप्रिल

'झालं' बंद. केलं असेल ते नाव घेऊन सांगायचं: दिलं, लावलं, बसवलं. अभिमन्यूंना फोन करून कळवलं. मग म्हणाले, सर, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं.

बाजार बंद, कासार बंद. नाजियाच्या आई फरीदाबींनी घरातल्या हिरव्या बांगड्या डझनभर धाडल्या. सत्यशीलाने छबुबाईंच्या हातात भरल्या, चिकटपट्टीच्या वर. अपशकुन त्यांचा न्हाई, माझ्या तोंडाचा झाला, असं ती त्यांना सांगत होती. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. आम्हा सगळ्यांपेक्षा त्याच शहाण्या.

२१ एप्रिल

रामनवमी. सुंठवडा जिन्यावर ठेवलेला होता.

नाजिया दुसऱ्या पेशंटकडे गुंतलेली, म्हणून मला नळी घालावी लागली. माणूस माझ्याच वयाचा. एकदा चुकली. काच पुसायला हात वर जात होता, तो खाली घेतला. दुसऱ्यांदा चुकली. आणि पायथ्याकडून आवाज —

"दाजी, सरका."

सरकलो. अँबू धरला. ऑक्सिजन वर आणला. तोवर नाजिया पोचली आणि तिने घातली. माणूस आत्ता हे लिहिताना जिवंत आहे.

बाहेर आल्यावर किट काढता काढता सत्यशीला म्हणाली, साहेब, रागावला न्हाई ना? मी म्हणालो, ड्युटीवर दाजी म्हटलंस, नियम मोडलास. ती म्हणाली, मोडला न्हाई. म्या तुमाला म्हणलंच न्हाई. तो दुसरा कोन तरी असतोय, पात्याम्होरं उभा ऱ्हाणारा.

यावर बराच विचार केला. ती बरोबर असेल.

२५ एप्रिल

आता नळी शक्यतो नाजियाच घालते. मी बाजूला, हात पाठीमागे. आज एकीला पहिल्यांदा बसली नाही. मॉनिटरचा आवाज उतरायला लागला. माझ्या तोंडाशी शब्द आले होते — डोकं जरा उचल, खाली उशी घे. गिळले. अभिमन्यूंनी हेच तर सांगितलं, की म्हाताऱ्यांनी मध्ये मध्ये करायचं नाही... त्यांचे शब्द वेगळे होते, मला कळलं ते असं. दुसऱ्यांदा बसली. सत्यशीलाला बोलायची वेळ आली नाही.

बरं झालं, बोललो नाही. पूर्वीचा मी बोललो असतो आणि पोरीचा हात थरथरला असता. गप्प राहणं हा उतारवयातला अभ्यास आहे. साठीच्या उंबऱ्यावर जमायला लागलं.

२६ एप्रिल

सुंदरराव घरी गेले! नळी निघून आठवडा होत आला होता. व्हीलचेअरवर बसून गेटपर्यंत सगळ्यांना हात जोडत होते. आवाज अजून बसका. पाडव्याची हकीकत कोणीतरी त्यांना सांगितलेली. छबुबाईंच्या मनगटाकडे बघून म्हणाले, "म्या मेलो तवा कोन कोन आलतं, नावं सांग. त्यांच्याच लग्नाला जाईन." बाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या.

अशा दिवशी थकवा येत नाही.

३० एप्रिल

संकष्टी. सत्यशीलाला सकाळपासून खोकला. ती म्हणत होती, धुळीचा. दुपारी तपासणी केली. पॉझिटिव्ह.

लसीचा दुसरा डोस तिचा राहिला होता. त्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून पुढे ढकलला, आणि मग वॉर्डच भरला. साखरेचा त्रास आहेच.



२ मे

सत्यशीला आमच्याच वॉर्डात, खिडकीच्या पलंगावर. बाराखडीखाली. पालथी झोपवली की ऑक्सिजन बरा राहतो. ती म्हणते, एवढे दिवस दुसऱ्यांना पालथं घातलं, आता कळलं नाक कुठं ठिवावं सुचत न्हाई.

मी पलंगाजवळ गेलो. म्हणाली, आता मी ड्युटीवर न्हाई, दाजी म्हणलं तर चालतंय. मग दम खाऊन विचारलं, माझ्या जागी कोण उभं राहतं? मी सांगितलं, नवीन सिस्टर आहे, पण ती अजून कच्ची आहे.

"मग तुमी ऱ्हावा," म्हणाली.

बरं म्हणालो.

३ मे

हिचा खालून आवाज. रडून रडून घसा बसलेला. दोघी एका विहिरीवर पोहायला शिकलेल्या. म्हणाली, तिचं काही करायची वेळ आली तर तुम्ही स्वतः करा. परक्याच्या हाती देऊ नका.

मी जिन्यावर बसून समजावलं. नाजिया परकी नाही. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी हट्ट केला तर ते सत्यशीलासाठी नसेल, माझ्यासाठी असेल. हे सत्यशीलानेच मला शिकवलं.

खाली दार लावून घेतल्याचा आवाज आला.

४ मे

रात्रीपासून ऑक्सिजन धरत नाही. पूर्ण प्रवाह लावला तरी ओठांची कड निळसर. मान आखूड, अंग स्थूल, नळीला सोपी नाही. तरी उद्या सकाळी व्हेंटिलेटर मोकळा होईल तेव्हा घालायची. त्यापुढे थांबण्यात अर्थ नाही. मोठ्या दवाखान्यात बेड विचारले, कुठेच नाहीत.

तिला मीच सांगितलं. तिने मान हलवली. नाजिया तिच्या पलंगाशी बसून होती, तिचा हात हातात धरून. नाजियाचा चेहरा उतरला आहे. सत्यशीला तिला पोरी म्हणते, डबा देते, दटावते. मी नाजियाला विचारलं, जमेल का? ती म्हणाली, जमेल सर.

तेव्हा ठरलं. नळी नाजिया घालणार. औषधं नवीन सिस्टर देणार. पायथ्याशी मी. सगळं साहित्य मी दोनदा तपासलं. घशात बसवायचा साधा मास्कही काढून ठेवला — नळी नाहीच बसली तर तो बसवून श्वास देता येतो.

मन त्या मानाने शांत आहे. महिन्याभरापूर्वी मी पातं कोणाच्या हातात दिलं नसतं. उद्या मला सरका म्हणायची वेळ कोणावर येणार नाही. मी आधीच सरकलो आहे.

अथर्वशीर्ष म्हटलं. दिवा लावून ठेवलाय.

५ मे

सत्यशीला सकाळी गेली.

नळी पहिल्यांदा बसली नाही. दुसऱ्यांदा बसली नाही. नाजियाने तिसऱ्यांदा पातं उचललं. मॉनिटरचा आवाज मी ऐकत होतो. तिचा हात चांगला आहे, आता बसेल, असं मनात चाललं होतं. माझे हात पाठीमागे होते.

पायथ्याशी मी होतो. बोलायचं काम माझं होतं.